पत्त्यांच्या गेमचं अपडेट खरं की बनावट? तपासणीच्या पाच साधनांचा परखड आढावा

रमी, तीन पत्ती, कॉल ब्रेक, मेंढीकोट यांपैकी कोणताही गेम फोनवर असला की थोड्या थोड्या दिवसांनी त्याचं अपडेट येतंच. बहुतेकदा ते प्ले स्टोअरमधून रात्री वायफायवर येऊन बसतं आणि खेळणाऱ्याला कळतही नाही. प्रश्न उभा राहतो तो व्हॉट्सॲप ग्रुपवर एपीके (अँड्रॉइड ॲप बसवायची फाइल) येते तेव्हा, टेलिग्रामवर ‘जुनं व्हर्जन आज रात्री बंद, हे घ्या नवीन’ असा मजकूर फिरतो तेव्हा, किंवा डाव चालू असताना जाहिरातीतून ‘अपडेट नाऊ’ची पाटी उघडते तेव्हा. त्या वेळी खरं-खोटं ठरवायला हाताशी पाच साधनं असतात: अँड्रॉइडची स्वतःची सही-तपासणी, प्ले स्टोअर, त्यातलाच ॲप तपासणारा प्ले प्रोटेक्ट, फाइल तपासणारी व्हायरसटोटल ही वेबसाइट आणि एपीकेवरची सही वाचणारं संगणकावरचं एपीकेसाइनर. पाचही फुकट आहेत. कशावर किती विसंबायचं आणि प्रत्येक साधन कुठे तोकडं पडतं, ते इथे तपासलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. पाचांत सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे अँड्रॉइडची सही-तपासणी. ती प्रत्येक फोनमध्ये पहिल्या दिवसापासून आहे, बंद करता येत नाही आणि तिला इंटरनेटही लागत नाही. तरी लोक फसतात, कारण ‘आधी जुनं ॲप काढून टाका’ असं कुणीतरी सांगतं आणि आपण आपल्या हाताने ती तपासणी निकामी करतो.

सही-तपासणी: सगळ्यात पक्कं साधन

प्रत्येक अँड्रॉइड ॲपला दोन ओळखी असतात. पहिली पॅकेजचं नाव, म्हणजे ‘कॉम’ने सुरू होणारी, टिंबांनी जोडलेली ती लांबलचक खूण. दुसरी डिजिटल सही, जी कंपनीकडच्या गुप्त किल्लीने केलेली असते. गेम पहिल्यांदा इन्स्टॉल होतो तेव्हा फोन ती सही नोंदवून ठेवतो. पुढे अपडेट आलं की त्याच पॅकेजच्या नावाखाली तीच सही आहे का, हे तो पाहतो. पतसंस्थेत पैसे काढताना कारकून नमुना सहीशी सही ताडून बघतो, तसंच हे काम आहे. सही जुळली नाही तर अपडेट नाकारलं जातं. बहुतेक फोनवर ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड ॲज पॅकेज कॉन्फ्लिक्ट्स विथ ॲन एक्झिस्टिंग पॅकेज’ असा संदेश येतो, काहींवर नुसतं ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’. यात भर म्हणून आतला व्हर्जन कोड जुन्यापेक्षा कमी असेल तरी फोन फाइल परत पाठवतो. स्क्रीनवर दिसणारा ७.२.१ सारखा आकडा मात्र केवळ मजकूर असतो. बनवणारा तिथे काहीही लिहू शकतो, म्हणून तो आकडा मोठा आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ही सही दुसऱ्याला बनवता येत नाही. त्यामुळे बनावट फाइल करणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, तुमच्याकडून जुनं ॲप काढून घ्यायचं. जुनं गेलं की फोनपाशी ताडून बघायला नमुना उरत नाही आणि बनावट फाइल पहिलंच ॲप म्हणून आत येते. दुसरी, पॅकेजचं नाव एखाद्या अक्षराने बदलायचं. मग टक्कर होत नाही, गेम जुन्याच्या शेजारी दुसरा आयकॉन होऊन बसतो.

यावरून एक अगदी सोपी तपासणी निघते आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. एपीके उघडल्यावर येणारी चौकट नीट वाचा. फोनवर असलेल्या ॲपचीच फाइल असेल तर फोन ‘हे ॲप अपडेट करायचं का?’ असं विचारतो आणि बटणावर ‘अपडेट’ लिहिलेलं असतं. अनोळखी ॲप असेल तर ‘इन्स्टॉल’ लिहिलेलं असतं. गेम तुमच्या फोनवर आहे, फाइल स्वतःला त्याचं अपडेट म्हणवते आणि बटणावर ‘इन्स्टॉल’ आहे, तर ते तुमच्या गेमचं अपडेट नाही. तिथेच ‘कॅन्सल’ करा आणि फाइल डाउनलोड्समधूनही काढून टाका. ‘अपडेट’ दिसलं म्हणजे पॅकेजचं नाव जुळलं इतकंच. सही जुळते की नाही ते बटण दाबल्यावर ठरतं, आणि नाही जुळली तर वरचा नकार येतो. तो नकार आला की पुढे काहीही करायचं नाही.

अँड्रॉइड १४ पासून आणखी एक पायरी आली आहे. गेम प्ले स्टोअरमधून घेतलेला असेल आणि दुसरीकडची फाइल त्यावर बसू पाहत असेल, तर ‘या ॲपची अपडेट्स एरवी गूगल प्लेकडून येतात’ अशी सूचना दिसू शकते आणि वेगळी परवानगी मागितली जाते. सही बरोबर असली तरी ही सूचना येते. तिला घाबरायचं कारण नाही, पण खेळाच्या ॲपसाठी ती ओलांडायचंही कारण नाही.

आता या साधनाच्या मर्यादा. खरी कंपनी आणि खरी फाइल असूनही सही न जुळण्याचा एक प्रसंग येतो. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या ॲप्ससाठी अंतिम सहीची किल्ली गूगलकडे असते. कंपनीच्या वेबसाइटवरच्या एपीकेवर कंपनीची वेगळी किल्ली असू शकते. त्यामुळे वेबसाइटवरून घेतलेल्या गेमवर प्ले स्टोअरचं अपडेट बसत नाही, आणि उलटही तसंच. रमीच्या बाबतीत हे जास्त घडतं. प्ले स्टोअर भारतात रोख रमीची ॲप्स बरीच वर्षं घेत नव्हतं. २८ सप्टेंबर २०२२ पासून एका वर्षाच्या प्रायोगिक योजनेत ती पहिल्यांदा आत आली. त्याआधीच्या खेळणाऱ्यांकडे वेबसाइटवरचीच ॲप्स होती. अशा वेळी जुनं काढून नवं घ्यावंच लागतं, पण ते फक्त प्ले स्टोअरमधून घ्यावं, आलेल्या फाइलमधून नाही. काढण्यापूर्वी खातं गूगलशी किंवा मोबाइल नंबरशी जोडलेलं आहे का ते बघा. ‘गेस्ट’ म्हणून खेळत असाल तर ॲप काढल्यावर चिप्स, लेव्हल सगळं जाऊ शकतं.

दुसरी मर्यादा जुन्या फोनची. जानस नावाच्या त्रुटीमुळे अँड्रॉइड ५.१.१ ते ८.० या व्हर्जनांवर जुन्या पद्धतीची सही असलेल्या एपीकेत सही न मोडता परका कोड घुसवता येत होता. डिसेंबर २०१७ च्या सुरक्षा पॅचने ते भोक बुजवलं. घरात मुलांना खेळायला दिलेला जुना फोन असेल तर ‘अबाउट फोन’मध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. ती त्याआधीची असेल तर त्या फोनवर बाहेरची एपीके अजिबात नको.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: सही फक्त ‘हा तोच माणूस आहे’ एवढंच सांगते, तो भला आहे असं सांगत नाही. तुमचा मूळ गेमच बनावट असेल तर त्याची बनावट अपडेट्स सही-तपासणीतून बिनचूक पार होतील. खऱ्या ॲपची नियत नंतर फिरल्याचंही उदाहरण आहे. एक कोटीहून अधिक डाउनलोड झालेलं एक बारकोड स्कॅनर ॲप डिसेंबर २०२० च्या एका अपडेटनंतर लोकांच्या फोनवर आपोआप जाहिराती उघडू लागलं. ते अपडेट प्ले स्टोअरमधूनच आलं होतं, सहीही बरोबर होती.

प्ले स्टोअर: चांगलं आहे, पण दारातून जा, शोधातून नको

प्ले स्टोअरवर जाऊन गेमचं नाव टाइप करणं ही तपासणीची सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कच्ची पद्धत. ‘तीन पत्ती’ किंवा ‘रमी’ शोधलं की सारख्या नावाची, सारख्याच लाल-सोनेरी आयकॉनची ढीगभर ॲप्स येतात, आणि सर्वांत वर बहुधा जाहिरात असते. तिथे चुकीच्या पानावर जाणं अगदी सोपं आहे.

त्याऐवजी हे करा. फोनवरच्या गेमचा आयकॉन दाबून धरा, ‘ॲप इन्फो’ उघडा आणि पार खाली जा. तिथे ‘ॲप डीटेल्स’ असं लिहिलेलं असतं (सॅमसंगवर ‘ॲप डीटेल्स इन स्टोअर’) आणि त्याखाली ॲप कुठून आलं तेही लिहिलेलं असतं. ते दाबलं की प्ले स्टोअरचं नेमकं त्याच पॅकेजचं पान उघडतं. पानावर ‘अपडेट’ बटण असेल तर अपडेट खरंच आलं आहे. ‘ओपन’ किंवा ‘प्ले’ एवढंच असेल तर तुमच्यासाठी या क्षणी नवीन काही नाही, मग ग्रुपवर कुणी काहीही म्हणो. पान उघडतच नसेल किंवा ती ओळच नसेल तर गेम प्ले स्टोअरचा नाही, हेही इथेच कळतं. शाओमीच्या फोनवर गेटॲप्स, सॅमसंगवर गॅलेक्सी स्टोअर, शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं फोनपेचं इंडस ॲपस्टोअर, हीही कायदेशीर दुकानं आहेत. ओळीत त्यांचं नाव दिसलं तर दचकू नका. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर किंवा ‘पॅकेज इन्स्टॉलर’ दिसलं तर मात्र गेम कुठून आला होता ते आठवून बघा.

पानावर ‘अबाउट धिस गेम’ उघडून खाली जा. व्हर्जन, शेवटच्या अपडेटची तारीख, पहिल्यांदा प्रकाशित झाल्याची तारीख, डाउनलोड्स आणि ‘ऑफर्ड बाय’ हे सगळं एकाच जागी मिळतं. आठ वर्षांचा जुना गेम म्हणवणाऱ्याची प्रकाशनाची तारीख गेल्या महिन्याची असेल तर उत्तर मिळालं. ताऱ्यांवर आणि शेऱ्यांवर आम्ही फारसा भार टाकत नाही, कारण ते विकत मिळतात. पहिल्यांदा प्रकाशित झाल्याची तारीख विकत मिळत नाही.

मित्राला अपडेट आलं आणि तुम्हाला नाही, याचा अर्थ तुमच्या फोनमध्ये बिघाड असा होत नाही. कंपन्या अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात: आधी थोड्या टक्के लोकांना, गोंधळ नाही झाला तर सर्वांना. दोन-चार दिवस लागू शकतात. लोक फसतात ते बहुतेक याच दिवसांत, कारण मित्रासोबत टेबलावर बसता येत नाही म्हणून घाईने एपीके शोधली जाते.

आणखी एक गोंधळ इथेच दूर करू. गेम उघडल्यावर आतमध्ये पट्टी सरकते आणि ‘डाउनलोडिंग रिसोर्सेस, ४० एमबी’ असं दिसतं, ते ॲपचं अपडेट नसतं. नवीन टेबलं, पत्त्यांचे डिझाइन, दिवाळीची सजावट अशा गोष्टी गेम आपल्या सर्व्हरवरून घेतो. ते ठीक आहे. त्यासाठी कोणतीही परवानगी मागितली जात नाही. प्ले स्टोअरचं खरं अपडेट गेमच्या आतूनही सुरू होऊ शकतं, पण तेव्हा गूगल प्लेची स्वतःची चौकट उघडते. प्ले स्टोअरच्या नियमांनुसार तिथल्या ॲपने स्टोअरला वगळून स्वतःला अपडेट करणं मना आहे. म्हणून गेमच जर ‘अननोन ॲप्स इन्स्टॉल करण्याची परवानगी द्या’ म्हणू लागला, तर तो गेम राहिलेला नाही. पहिली फाइल दिसायला साधी, तपासणीत स्वच्छ, आणि उघडल्यावर ‘अपडेट आवश्यक’ म्हणत खरा विषारी भाग नंतर आणणारी, ही फसवणुकीची रुळलेली रीत आहे.

प्ले प्रोटेक्ट: चालू असू द्या, त्याच्या हिरव्या खुणेवर झोपू नका

प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर दाबा, ‘प्ले प्रोटेक्ट’मध्ये जा आणि ‘स्कॅन’ करा. त्याच पानावरच्या गियरमध्ये दोन बटणं आहेत. दोन्ही चालू हवीत. दुसऱ्या बटणामुळे अनोळखी ॲप गूगलकडे तपासायला जातं आणि बाहेरून येणाऱ्या एपीकेसाठी तेच जास्त कामाचं आहे.

हे साधन गेल्या काही वर्षांत बरंच सुधारलं आहे, आणि त्यात भारताला झुकतं माप मिळालं आहे. इन्स्टॉल होतानाच कोड पाहणारी तपासणी गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणली तेव्हा सुरुवात भारतापासून केली. पुढच्या वर्षी आणखी कडक योजना जाहीर झाली: ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप जर एसएमएस मिळवणं, एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं किंवा ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचून तुमच्या वतीने बटणं दाबायची परवानगी) यांपैकी काही मागत असेल तर इन्स्टॉल थांबवायचं. ओटीपी चोरणाऱ्या ॲपना नेमक्या याच चार गोष्टी लागतात, म्हणून ही निवड आम्हाला अचूक वाटते.

पण फाइलसोबत आलेली सूचना हमखास ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा, नाहीतर अपडेट होणार नाही’ अशी असते. कुठल्याही खऱ्या पत्त्यांच्या गेमला प्ले प्रोटेक्ट बंद करावं लागत नाही. ही एक ओळ दिसली की बाकीची चारही साधनं वापरायची गरज उरत नाही.

उणीव सांगायची तर प्ले प्रोटेक्ट ‘काही सापडलं नाही’ म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ तेवढाच असतो. आजच बनलेली फाइल त्याला ओळखीची नसू शकते. शिवाय बनावट गेम पण चोरी न करणारा, नुसत्या जाहिराती दाखवणारा, याला ते सहसा अडवत नाही.

व्हायरसटोटल: निकालापेक्षा आतलं पान वाचा

ही २०१२ पासून गूगलच्या मालकीची वेबसाइट आहे. फाइल टाकली की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस तिची तपासणी करतात. मर्यादा ६५० एमबीची आहे, त्यामुळे पत्त्यांचा कोणताही गेम मावतो. फाइल इन्स्टॉल न करता, नुसती डाउनलोड करून टाकायची. टाकलेली फाइल इतर अभ्यासकांना उपलब्ध होते. एपीकेला त्याने फरक पडत नाही, पण त्याच सवयीने आधार कार्डाची पीडीएफ तिथे टाकू नका.

लोक वरचा आकडा बघतात आणि परत येतात. ७० पैकी शून्य म्हणजे सुरक्षित, ७० पैकी दोन म्हणजे विषारी, असं ते नसतं. जाहिरातींच्या घटकांमुळे खऱ्या गेमवरही एखाद-दुसरं इंजिन (म्हणजे त्यांतला एक अँटिव्हायरस) ‘ॲडवेअर’ किंवा ‘रिस्कवेअर’ म्हणून बोट ठेवतं. ‘बँकर’ (बँकेची माहिती चोरणारं), ‘एसएमएस-स्पाय’, ‘ड्रॉपर’ (विषारी भाग मागाहून आणणारं) असे शब्द मात्र दोनच इंजिनांनी वापरले तरी फाइल टाकून द्यावी.

खरी माहिती ‘डीटेल्स’ पानावर आहे. तिथे पॅकेजचं नाव मिळतं. ते प्ले स्टोअरच्या पानाच्या पत्त्यात ‘आयडी’नंतर लिहिलेल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडा. खाली मागितलेल्या परवानग्यांची यादी असते. आणि ‘फर्स्ट सबमिशन’ ही तारीख असते: ही फाइल जगात पहिल्यांदा कुणी कधी तपासली. लाखो लोक वापरतात असं सांगितलेली फाइल पहिल्यांदा तपासणारे तुम्हीच असाल, तर थांबा. पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये एपीके आली असेल तर व्हायरसटोटलला आत डोकावता येत नाही आणि निकाल स्वच्छ दिसतो. पासवर्ड त्यासाठीच लावलेला असतो.

एपीकेसाइनर: मेहनत जास्त, उत्तर पक्कं

संगणकाची सवय असलेल्यांसाठी हे साधन. हे अँड्रॉइडच्या विकासकांसाठीच्या बिल्ड-टूल्समध्ये मिळतं. त्याला जावा लागतं. अख्खा अँड्रॉइड स्टुडिओ उतरवायची गरज नाही, नुसती कमांड-लाइन टूल्स पुरतात. फाइलवर ‘व्हेरिफाय’ हा आदेश ‘प्रिंट-सर्ट्स’ पर्यायासह चालवला की सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ ठसा मिळतो, ६४ अक्षरांचा. फाइलशी छेडछाड झाली असेल तर ‘डझ नॉट व्हेरिफाय’ असं उत्तर येतं.

आता तुलना कशाशी करायची? फोनवर प्ले स्टोअरमधून घेतलेला खरा गेम असेल तर त्याच्याशीच. यूएसबी डीबगिंग (संगणकाला फोनवर आदेश चालवू देणारं सेटिंग) चालू करून एडीबी या संगणकावरच्या साधनाने त्या पॅकेजच्या फाइलचा मार्ग विचारायचा आणि ‘बेस’ नावाची एपीके संगणकावर ओढायची. प्ले स्टोअरचे गेम बहुधा अनेक तुकड्यांत असतात, पण सही सगळ्यांवर एकच असते, म्हणून बेस पुरते. बाहेरून आलेली फाइल एक्सएपीके (अनेक तुकडे एकत्र बांधलेली) असेल तर ती मुळात झिपच असते. उघडून आतली बेस घ्या. दोन्हींचे ६४ अक्षरी ठसे जुळले तर सही एकाच किल्लीची. काम झालं की यूएसबी डीबगिंग बंद करा, ते चालू असलं की काही बँकांची ॲप्स उघडत नाहीत.

दोन गोष्टींत इथे चूक होते. सर्टिफिकेटवर कंपनीचं नाव छापलेलं असतं, ते बघून लोक समाधान मानतात. हे नाव सही करणारा स्वतःच लिहितो. ‘गूगल इन्क., माउंटन व्ह्यू’ असंही कुणीही लिहू शकतं, आणि गूगलच्या किल्लीने सही झालेल्या खऱ्या ॲपवरही तेच असतं. नाव वाचायचंच नाही, ठसा ताडायचा. दुसरं, व्हायरसटोटलवर सर्टिफिकेटचा जो ‘थंबप्रिंट’ दिसतो तो ४० अक्षरी, वेगळ्या पद्धतीचा असतो. तो एसएचए-२५६ शी कधीच जुळणार नाही.

संगणक नको असेल तर ॲपव्हेरिफायर नावाचं मुक्तस्रोत ॲप फोनवरच पॅकेजचं नाव आणि ठसा दाखवतं. काम तेच, कष्ट कमी.

परवानग्या काय सांगतात

पत्त्यांच्या गेमला लागतं काय? इंटरनेट, कंपन, अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी, टेबलावर बोलायची सोय असेल तर मायक्रोफोन. मित्रांना बोलवायला कॉन्टॅक्ट्स मागितले तर नाकारून खेळता आलं पाहिजे. ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून एसएमएसची परवानगी हवी, हे कारण खोटं आहे. गूगलने त्यासाठी स्वतंत्र सोय दिली आहे आणि ती एसएमएस वाचायची परवानगी न घेता चालते. प्ले स्टोअरने तर २०१९ पासून एसएमएसची परवानगी मोजक्याच प्रकारच्या ॲपपुरती ठेवली आहे. ॲक्सेसिबिलिटी, डिव्हाइस ॲडमिन (फोनवर प्रशासकाचा ताबा) आणि ‘इतर ॲपच्या वर दिसण्याची’ परवानगी या तिन्हींचा रमीच्या डावाशी काहीही संबंध नाही. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी देताना ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ म्हणून फोन अडवतो. ते कसं उघडायचं याचा व्हिडिओ फाइलसोबत आला असेल तर फाइल कशासाठी बनवली आहे ते त्या व्हिडिओनेच सांगितलं.

‘अनलिमिटेड चिप्स’ देणाऱ्या मॉड (कुणीतरी फेरफार केलेल्या) एपीकेबद्दल इतकंच: ऑनलाइन तीन पत्ती आणि रमीत चिप्सचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर असतो. फोनमधली फाइल बदलून तो बदलत नाही. म्हणजे ती फाइल जे देते म्हणते ते देऊच शकत नाही, घेते काय ते तेवढं तपासायचं उरतं.

रोख डावांची अपडेट्स

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. लोकसभेत २० तारखेला, राज्यसभेत २१ला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने मना केले. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे सामाजिक खेळ चालू राहिले. मोठ्या रमी कंपन्यांनी लगेच रोख डाव थांबवले. त्यामुळे ‘रोख टेबलं पुन्हा सुरू, हे अपडेट घ्या’ असा मजकूर आला की वरची एकही तपासणी न करता तो खोडून टाकावा. ‘वॉलेटमधले अडकलेले पैसे काढायला नवीन व्हर्जन घ्या’ हा त्याचाच दुसरा अवतार. शिल्लक काढायची तर आधीपासून फोनवर असलेल्या ॲपमधून किंवा कंपनीच्या वेबसाइटवर हाताने पत्ता टाइप करून लॉगिन करून काढा.

आयफोन

इथे काम सोपं आहे. अपडेट ॲप स्टोअरमधूनच येतं. कुणी टेस्टफ्लाइट या ॲपलच्या चाचणी-ॲपचं आमंत्रण पाठवलं तर ते चाचणीचं व्हर्जन असतं, ९० दिवसांनी मरतं, आणि त्याची छाननी ॲप स्टोअरइतकी नसते. ‘प्रोफाइल इन्स्टॉल करा’ म्हणणारा गेम नको. सेटिंग्ज, जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट इथे ऑफिसखेरीज कुणाचं प्रोफाइल दिसलं तर काढून टाका.

बनावट अपडेट बसलंच असेल तर

आधी एअरप्लेन मोड, आणि वायफाय वेगळं बंद. मग ॲप काढायचं, पण ते निघत नाही अशी तक्रार बहुतेकांची असते. कारण त्याला डिव्हाइस ॲडमिन किंवा ॲक्सेसिबिलिटी दिलेली असते. सेटिंग्जमध्ये जाऊन आधी त्या दोन्ही काढा, मग अनइन्स्टॉल करा. सेटिंग्जचं पान उघडताच आपोआप बंद होत असेल तर फोन सेफ मोडमध्ये (बाहेरची ॲप्स बंद ठेवून) चालू करून तेच करा. आयकॉन दिसत नसेल तर ॲप्सच्या पूर्ण यादीत शोधा. बनावट ॲप पहिल्यांदा उघडल्यावर आयकॉन लपवणं सर्रास आहे, म्हणून ‘उडालं वाटतं’ असं समजू नका.

त्यानंतर ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’च्या यादीत व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर यांच्यापुढचं बटण बंद करा. एकदा दिलेली ही परवानगी तशीच उघडी राहते आणि पुढची फाइल तिच्याच आधारे आत येते. मग एअरप्लेन मोड काढून, कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते *#२१# डायल करून बघा. वळवलेले असतील तर ##००२# ने सगळे बंद होतात. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी काही असेल तर तेही बाहेर काढा. बँकेचे आणि यूपीआयचे पासवर्ड मात्र त्याच फोनवरून बदलू नका, घरातल्या दुसऱ्या फोनवरून बदला.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक बँकेला लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याकडून घात झाला असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं धरलं जातं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून फोन साफ करण्यात अर्धा दिवस घालवण्याआधी बँकेला कळवा. तक्रारीसोबत जोडायला बनावट फाइलचं नाव, ती ज्या नंबरवरून आली तो चॅट आणि ॲप इन्फोच्या पानाचे स्क्रीनशॉट लागतात. ते ॲप काढण्यापूर्वी घ्या, एअरप्लेन मोडमध्येही घेता येतात.